लोकसंख्या शून्य

त्या बेटाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कपारींत पाकोळ्यांची घरटी आहेत (परदेशात ती खातात), आणि वेंगुर्ल्याच्या बर्न्ट आयलंडवरची घरटी चोरांनी कशी खरवडून नेली होती ते आमच्या जिल्ह्यात ठाऊक असणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगते की ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर आहे, वर माणूस राहत नाही, आणि मे संपता संपता तिथे सुरय (टर्न) पक्षी अंडी घालायला लागतात.

माझं काम डासांचं. डास म्हटलं की लोकांना धुराची गाडी आठवते. धूर त्या घटकेला हवेत उडत असलेले डास मारतो, बाकी काही करत नाही. डेंग्यूचा डास घरात पलंगाखाली, कपड्यांच्या मागे बसलेला असतो आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो. तरी दर पावसाळ्यात मागणी धुराचीच होते, कारण धूर दिसतो. माझा दिवस झाकणं उघडण्यात जातो. पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या. आणि बंदरात टायर. होडी धक्क्याला घासू नये म्हणून बाजूंना जुने टायर टांगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, आणि प्रत्येक टायरच्या पोटात पावसाचं पाणी. टायरमधलं पाणी डिपरने, म्हणजे अळ्या तपासायच्या पळीने, निघत नाही, वाकड्या नळीच्या पिचकारीने ओढावं लागतं. हे शिकायला मला बराच काळ लागला आणि शिकवणारं कोणी नव्हतं. तालुक्यात डेंग्यू कुठून सुरू होणार हे मी टायर बघून सांगू शकते. त्या टायरांना खालून एक भोक पाडा, एवढंच माझं मागणं असतं. भोक पाडायला कोणाकडे वेळ नसतो.

बेटावर गेले ते पक्षी मोजणाऱ्या मित्राला मदत म्हणून. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम १८७५ च्या फेब्रुवारीत उतरले, तेव्हा त्यांना सुरयांची टरफलं आणि वाळून गेलेले पक्षीच सापडले, हे तो नेहमी सांगतो. या सुरयांची वीण पावसाच्या तोंडावर सुरू होते आणि मग दर्या खवळतो. घरट्यात काय चाललंय ते पाहायला माणूस जाऊच शकत नाही. म्हणून मे अखेरची ती एक खेप त्याला फार महत्त्वाची.

आदल्या आठवड्यात वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या. खडकाच्या कपारीत, सावलीत, एकेकच अंडं. सुरयांची ही जात, ब्रायडल्ड टर्न, एका विणीत एकच अंडं घालते. मित्र पोटावर सरपटत बॅटरीने कपारी तपासत होता आणि मी आकडे लिहीत होते. थोड्या वेळाने तो बोलायचा थांबला. त्याने मला एक टरफल दाखवलं, कडा कुरतडलेली, बारीक दातांच्या खुणा स्पष्ट. बाजूला लेंड्या. मग तशीच आणखी टरफलं सापडत गेली. उंदीर.

त्याच सुमारास माझ्या घोट्याला डास चावला. भर दुपारी, बेटावर.

मोकळ्या खडकावर वारा असतो, डास टिकत नाही. मी वाऱ्याच्या आडोशाला, बेटाच्या पूर्वेकडच्या झुडपांकडे गेले तसे चावे वाढले. दिवसा चावणारा, पायांना चावणारा, पायांवर पांढरे पट्टे. चावे वाढतील तिकडे जायचं, हा आमच्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा सापळा. झुडपांमागे निळं प्लास्टिकचं पिंप होतं, वरून कापलेलं, अर्धं पावसाच्या पाण्याने भरलेलं. पाण्याला हात लावायच्या आधी सावली पडू न देता बघावं लागतं, नाहीतर अळ्या तळाशी जातात. पाणी वळवळत होतं. आखूड श्वासनलिका, पृष्ठभागाला तिरकं लटकणं. एडिस, डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचं कूळ.

होडीवाले तात्या मागे येऊन उभे राहिले. कालवं नि शिनाणे काढायला माणसं इथे तात्पुरती येऊन राहतात, ते गोडं पाणी घेऊन येतात, असं त्यांनीच सांगितलं. "पिंपां थंयच ऱ्हवतत, म्याडम. परत कोण व्हरतलो?" मग माझ्या हातातल्या अळ्यांच्या बाटलीकडे बघून म्हणाले, "पण हय माणूस नाय, तर ह्ये डास जगतत कोणाच्या रगतार?"

हा प्रश्न मला आमच्या खात्यातल्या कोणी आजवर विचारलेला नाही.

उत्तर काय असू शकतं ते मला ठाऊक होतं, म्हणून अंगावर काटा आला. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाचं प्रवाळबेट आहे. तिथे उंदीर समुद्रपक्ष्यांची वीण उधळत होते. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफॅकूम या उंदरांच्या विषाचं आमिष टाकून तिथले सगळे उंदीर संपवले. त्यानंतर तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आपल्याला दिवसा डास चावत नाहीत. शोधलं, सापळे लावले. एडिसची एक जात, एडिस अल्बोपिक्टस, बेटावरून नाहीशी झाली होती. तिथे हा डास प्रामुख्याने उंदरांच्या रक्तावर जगत असावा, असा त्यांचा अंदाज. क्युलेक्स हा दुसरा डास मात्र टिकला, बहुधा त्याला पक्षी चालतात म्हणून. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डास संपवायला कोणी गेलंच नव्हतं; गेले होते पक्ष्यांसाठी.

बाटलीतल्या अळ्या मी घरी वाढवल्या. अळीच्या पोटाच्या आठव्या खंडावर कंगव्यासारखे दाते असतात, ते भिंगाखाली साधे, सरळ दिसले. एडिस एजिप्टाय या डेंग्यूच्या दुसऱ्या डासाच्या दात्यांना आजूबाजूला काटे असतात. प्रौढ निघाले तेव्हा शंका उरली नाही: पाठीवर एकच पांढरी रेघ. अल्बोपिक्टस.

पिंप मी त्याच दिवशी पालथं केलं. पालथं करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात आणि महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. पुढच्या सरीला पाणी चढलं की फुटतात. वाळू आणि गोणपाटाने आतून घासलं, होडीत घातलं, किनाऱ्यावर आणलं. औषध टाकलं नाही. टेमेफॉस हे अळीनाशक पिंपाला ठीक. जिथे पक्षी पाणी पितील, न्हातील, तिथे मी ते टाकणार नाही, मला कोणी कितीही सांगितलं तरी.

अहवाल लिहिला. आमच्या नमुन्यात लोकसंख्येचा रकाना असतो, मी त्यात शून्य भरलं. संगणक पुढे सरकेना. शून्य लोकसंख्येचं गाव त्याला मान्य नाही. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, जिथे माणूस नाही तिथे रोग नाही, तुम्ही बंदराकडे लक्ष द्या. वनखात्याच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, डास आमच्याकडे येत नाहीत. दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होते. पण तो डास पोहत गेलेला नाही. अंडी चिकटलेलं पिंप होडीने गेलं, उंदीरही होडीतूनच, जाळ्यांच्या ढिगात बसून गेले. आणि त्याच होड्या, तीच पिंपं, कालवं घेऊन आमच्या बंदरात परत येतात. हवाईच्या बेटांवर क्युलेक्स डास १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पाण्याच्या पिंपांतून पोचला असं मानतात. पुढे त्याने पसरवलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाने तिथले किती जातींचे रानपक्षी नाहीसे झाले! आज तिथे डास आटोक्यात आणायला वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडताहेत; त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत. पिंप घासण्याच्या खर्चाशी तो खर्च कोणी तरी ताडून बघावा.

आता खरा पेच. मित्र म्हणतो, उंदीर लगेच काढू. एका जोडीचं एक अंडं, दर हंगाम गेला तो गेला. मी म्हणते, थांब. पोट भरलेल्या माद्या झुडपांतून शोषनळीने धरायच्या, फिल्टर पेपरवर चिरडून वाळवायच्या, पेन्सिलीने नंबर घालायचा (शाई पसरते), आणि पीसीआर ही डीएनएची तपासणी करून ते रक्त उंदराचं की पक्ष्याचं ते पाहायचं. हे उंदीर असतानाच होऊ शकतं. उंदीर गेले आणि डास गेले, तर आधीचं रक्त हातात नसताना मी कोणालाच काही पटवून देऊ शकणार नाही. शिवाय पिंप मी आधीच काढलंय. डास पिंपामुळे गेले की उंदरांमुळे, हा प्रश्न मीच अवघड करून ठेवलाय, पण डास वाढणारं पिंप अभ्यासासाठी तसंच ठेवणं मला जमलं नसतं.

पाल्मायरासारखं विष आपल्याकडे नकोच. आमच्या किनाऱ्यावर समुद्र गरुड आहे, तो मेलेला उंदीर उचलणार. पिंजरे, आणि तेही हाताने, चिकाटीने. बेट लहान आहे, जमेल असं मित्राला वाटतं. उंदीर एक गाभण मादी उरली तरी पुन्हा वाढतात, म्हणून मला तितकी खात्री नाही.

जूनपासून दर्या बंद. हे चार महिने कोणी तिथे नसेल. ऑक्टोबरात होडी जाईल तेव्हा पिंजरे आणि शोषनळी दोन्ही न्यायची, आधी रक्त आणि मग लगेच पिंजरे, असं आमचं ठरलंय. पावसानंतर पोट भरलेल्या माद्या पुरेशा मिळतील की नाही कोण जाणे. नाही मिळाल्या तरी पिंजरे त्याच खेपेला लावायचे, ही मित्राची अट आहे, आणि ती मी मान्य केली आहे. मला ती अजून पूर्ण पटलेली नाही. तोपर्यंत तात्यांनी त्यांच्या होडीच्या टायरांना भोकं पाडून घेतली आहेत, आणि कालवंवाल्यांना पिंप परत आणायचं ते सांगताहेत.