तीन लाखांत जुनी गाडी कुठली घेऊ? विचारलंत म्हणून सांगतो

मी सांगलीत मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या, बुडालेल्या, पेटलेल्या गाड्या बघायच्या आणि दुरुस्तीला खर्च किती येईल ते काढायचं, हे काम. त्यामुळे पाहुण्यारावळ्यांत, कॉलनीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न येतो, "भाऊ, तीन लाख जमवलेत, कुठली सेकंड हँड गाडी घेऊ?" अर्ध्या मिनिटात काहीतरी नाव सांगून मोकळं व्हायला मला जमत नाही, कारण ते तीन लाख म्हणजे बहुतेक वेळा भिशी, पतपेढीचं कर्ज आणि बायकोच्या बांगड्या असं सगळं मिळून झालेले असतात, आणि ते बुडाले तर त्या घरात परत दहा वर्षं गाडीचा विषय निघत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

नावं हवीत तर आधी नावं घ्या. पेट्रोल, छोटी, साधारण २०१३ ते २०१६ मधली. वॅगनआर, अल्टो के-टेन, पेट्रोल स्विफ्ट, आय-टेन, ग्रँड आय-टेन, इटिऑस लिवा. यातल्या कुठल्याही गाडीचा पार्ट तासगाव, जत, विटा अशा गावात मिळतो किंवा दुसऱ्या दिवशी येतो, आणि गॅरेजवाल्याचा हात तिच्यावर बसलेला असतो. वॅगनआर आणि के-टेनच्या के-सिरीज इंजिनात टायमिंग चेन आहे. अल्टो ८०० आणि जुन्या सँट्रोला त्या चेनच्या जागी रबरी पट्टा आहे, तो कधी बदलला ते विचारा, मालकाला सांगता येत नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, कारण तो तुटला की गाडी जागीच बंद. शेव्हरोलेने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे शेव्हरोलेची बीट आणि फोर्डची फिगो त्याच पैशात जास्त नवीन मिळतात. गाड्या वाईट नाहीत, पण तालुक्याच्या गावात राहत असाल आणि घरात एकच गाडी असेल तर मी नको म्हणतो. डिझेलचंही तसंच, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणं नसेल तर अ‍ॅव्हरेजच्या मोहात पडू नका, इंजेक्टर आणि टर्बोचं एक काम निघालं की दोन वर्षांचं वाचलेलं डिझेल त्यात जातं.

झाली नावं. पण खरं सांगू का, या पैशात मॉडेल ही दुय्यम गोष्ट आहे. दहा वर्षांच्या दोन वॅगनआर, रंग एक, किलोमीटर जवळपास एक, एक अजून दहा वर्षं चालेल आणि दुसरी सहा महिन्यांत तुम्हाला रडवेल, आणि वरून दोन्ही सारख्याच चकाचक दिसतात, कारण पॉलिश आणि सीट कव्हर काही हजारात होतं. म्हणून गाडी शोधायची ती जिचा मागचा सगळा हिशेब कागदावर सापडतो अशी. तो सापडत नसेल तर वीस हजार कमी करून मिळाली तरी सोडा. स्वस्त गाडीला चुकीला जागाच नसते, श्रीमंत माणूस दुसरी घेतो, आपल्याला तीच ओढायची असते.

हिशेब सापडायचा कुठे? सगळे आरसी बघतात, फर्स्ट ओनर आहे का विचारतात. ते बघाच. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधी संपतो हे दिसतं. "डॉक्टरांची गाडी आहे" असं कोणी म्हणालं तर आरसीवरचं नाव वाचा आणि शक्य असेल तर त्या माणसाला समोर बसून भेटा. पण एक कागद जवळपास कोणीच मागत नाही, आणि तो सगळ्यात जास्त बोलतो. जुन्या इन्शुरन्स पॉलिसी. एक नाही, मिळतील तेवढ्या. त्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सूटीचा, आकडा असतो. एक वर्ष क्लेम नाही घेतला की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. आता समजा गाडी सहा वर्षं एकाच माणसाकडे आहे, फुल इन्शुरन्स दरवर्षी भरलाय, आणि पॉलिसीत बोनस शून्य दिसतोय, तर त्याच्या आदल्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा झाला ते शांतपणे विचारा. बंपरचा असेल, काचेचा असेल, काही बिघडत नाही, लोक बंपरचेही क्लेम घेतात. पण मालक "कधीच काही झालं नाही, गाडी नॉन-अ‍ॅक्सिडेंट" म्हणतोय आणि कागद वेगळं म्हणतोय तर तिथून उठा. मध्ये पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले असतील तरी बोनस जातो, आणि नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा, असेल तर बोनसचा प्रश्नच नाही, त्यामुळे शून्य म्हणजे क्लेमच असं धरू नका, प्रश्न मात्र विचारा.

यातच पुराचा विषय येतो, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये परत आलं, त्याच आठवड्यात चिपळूण आणि महाड बुडालं. पार्किंगमध्ये छतापर्यंत पाण्यात गेलेल्या गाड्या आम्ही रांगेने बघितल्यात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि ती गाडी जास्त बोली लावणाऱ्याकडे जाते. काही भंगारात जातात, पार्ट वेगळे होतात, हे योग्यच. पण काही धुऊन, वाळवून, इंजिन खोलून परत रस्त्यावर येतात आणि जिथे बुडाल्या तिथे विकायला उभ्या राहत नाहीत, लांब जातात. एमएच-०९, एमएच-१० किंवा एमएच-०८, म्हणजे कोल्हापूर, सांगली किंवा रत्नागिरी पासिंगची गाडी तुम्हाला लातूरला नाहीतर अकोल्याला बाजारभावापेक्षा बरीच कमी दिसली तर लगेच वाईट समजू नका, पण बघायला वेळ घ्या.

कसं बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या बायकोच्या ऑफिसातल्या एक ताई, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं म्हणून गाडी हवी होती, रिक्षा आणि एसटीने ते म्हातारीला सोसत नव्हतं. मिरजेत एक स्विफ्ट दाखवली, पांढरी, आतून परफ्युमचा वास, नवीन मॅट, नवीन सीट कव्हर. एजंटने चावी लावून म्युझिक सिस्टीम ऐकवली. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि हळूहळू पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत, जो भाग रोजच्या वापरात कधीच बाहेर येत नाही तिथपर्यंत. तिथे बेल्टवर तपकिरी रेघ होती आणि बोटाला बारीक, मैद्यासारखी माती लागली. बेल्ट वरून पुसता येतो, पण गुंडाळीत आत बसलेला गाळ निघत नाही. मग डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खळग्यात तीच माती. सीटच्या खाली हात घालून रेल बघितली तर बोल्टवर गंज, आणि गाडीचं वय तेवढ्या गंजाचं नव्हतं. एजंट म्हणाला, धुताना पाणी गेलं असेल. ताईंना किंमत फार आवडली होती, त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की ताई, ही आज चालू होईल, उद्या होईल, पण पुढच्या पावसाळ्यात वायरिंग एकेक करून जाईल, आणि नेमकी आईला घेऊन वाटेत असताना जाईल. त्यांनी पुढे महिनाभर थांबून तासगावातल्या एका निवृत्त तलाठ्यांची २०१४ ची वॅगनआर घेतली, रंग उडालेला, टायर गुळगुळीत, पण सर्व्हिसची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत. अजून चालू आहे.

बाकी तपासणी थोडक्यात. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर थांबा, थंड झाल्यावर स्वतः सेल्फ मारा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो, इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केटचं काम. ऑइलचं झाकण उघडा, आतून दुधाळ चिकट थर असेल तरी तोच संशय. दाराचं रबरी बीडिंग हाताने थोडं ओढून पिलर बघा, कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीत असतात, तिथे पुटी लावून सपाट केलं असेल किंवा वेल्डिंग ओबडधोबड असेल तर मोठा मार बसलाय. सगळ्या काचांवरची कंपनी आणि वर्ष जुळतंय का बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी ४० हजार किलोमीटर चाललीय म्हणतात आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, तर मीटर मागे फिरवलंय, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर विचारा. आणि आपला मेकॅनिक बरोबर न्या, एजंटचा नको. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, चहावर भागवू नका.

एक गोष्ट मी हट्टाने सांगतो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा दोन्ही नसतात. त्याच मॉडेलचं वरचं व्हेरियंट शोधा, एक वर्ष जुनी चालेल पण एअरबॅगची घ्या. ठोकलेल्या गाड्या रोज बघतो म्हणून सांगतोय, सारख्याच धडकेत एका गाडीतला माणूस चालत बाहेर येतो आणि दुसरीतला येत नाही. आणि एअरबॅग आहे म्हणतात तर चावी ऑन केल्यावर तिचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर बॅग एकदा फुटून गेलीय आणि दिवा काढून टाकलाय असं समजा.

पैशाचं गणित असं करा. तीन लाख असतील तर गाडी अडीचपर्यंत बघा. उरलेल्यात टायर, बॅटरी, ऑइल, कूलंट, ब्रेकचं काम, ट्रान्सफर, इन्शुरन्स. नुसता थर्ड पार्टी हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये आणि त्याच्या वर दीड हजार सीसीपर्यंत ३४१६, अधिक जीएसटी, हा दर सरकारने २०२२ मध्ये ठरवलेला आहे, एजंट जास्त सांगेल तर हिशेब मागा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०१२ ची गाडी घेतलीत तर २०२७ ला फिटनेस, रिन्यूअलची फी आणि पर्यावरण कर तुमच्या अंगावर, तेही आजच्या किमतीत धरा. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्या इकडे येतात त्याचं कारण तिकडे एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाच्या, २०१५ च्या आदेशाने डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली. इथे आणल्यावर एनओसी, परत पासिंग, महाराष्ट्राचा टॅक्स, सगळं धरून बेरीज करा, बहुतेक वेळा फायदा उरत नाही. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर चढलंय का आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे ती दाब सोसते का याची तपासणी, तीन वर्षांच्या आत झालीय का ते बघा.

आता शेवटचं, आणि इथे माझ्यासमोर लोक खरंच रडलेत. गाडी घेतली, पैसे दिले, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, एजंट म्हणाला आठ दिवसांत नावावर होईल. सहा महिने होतात. मग गाडी ठोकते, क्लेम येतो, मी कागद बघतो तर आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या. समोरच्याला लागलं तर थर्ड पार्टीचं कव्हर कायद्याने गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते आणि मला तिथे काही करता येत नाही. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीवर नाव लावायचा अर्ज द्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तुम्हाला फरक भरावा लागेल, तो भरा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय इसाराच्या पुढे पैसे देऊ नका. जुनी ई-चलनं बघून मालकाकडूनच भरून घ्या. आणि व्यवहारातले दहा-पंधरा हजार, तुमच्या नावाची आरसी येईपर्यंत, स्टॅम्प पेपरवर लिहून मागे ठेवा. चांगला मालक याला नाही म्हणत नाही, तलाठीकाकांनी तर तो कागद स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता.