तुम्ही विचारलंत म्हणून: मिथेनॉल एवढं शुद्ध, मग इतके टॉवर कशाला?

मिथेनॉलपासून इथिलीन आणि प्रोपिलीन बनवणाऱ्या प्लांटचा आराखडा समोर ठेवला की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात. बाजारात मिळणारं मिथेनॉल ९९.८५ टक्के शुद्ध असतं, कॅटॅलिस्टही (अभिक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक) भलता निवडक आहे, मग रिअ‍ॅक्टर आणि रिजनरेटर (कॅटॅलिस्ट पुन्हा ताजा करणारं भांडं) एका कोपऱ्यात आणि बाकीच्या जागेत हे धुण्याचे, वाळवण्याचे, वेगळं करण्याचे टॉवर कशाला? विद्यार्थी विचारतात, प्रकल्पाचा हिशेब तपासणारे विचारतात, दुसऱ्या शाखेतले इंजिनियरही विचारतात. आजवर तोंडी उत्तरं देत आले, आज जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर असं, की ९९.८५ हा आकडा या कामात फारसं काही सांगत नाही. उरलेल्या ०.१५ टक्क्यात काय आहे आणि ते पुढे कोणाला बाधणार आहे, हे कळल्याशिवाय माल चांगला की वाईट ते ठरत नाही.

पाण्याचंच घ्या. सॅपो-३४ या सिलिकोअ‍ॅल्युमिनोफॉस्फेट कॅटॅलिस्टवर साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियसला मिथेनॉलच्या दोन रेणूंमधून इथिलीनचा एक आणि पाण्याचे दोन रेणू निघतात. वजनात सांगायचं तर ६४ किलो मिथेनॉलमधून २८ किलो इथिलीन आणि ३६ किलो पाणी. म्हणजे हा प्लांट वजनाने मालापेक्षा पाणीच जास्त बनवतो. अशा ठिकाणी मिथेनॉलमध्ये आधीच पाच टक्के पाणी असलं तर बिघडत काही नाही. उलट ती वाफ उष्णता वाहून नेते आणि कॅटॅलिस्टवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, जरा कमी साचतो. म्हणूनच मिथेनॉल आणि ओलेफिनचे (इथिलीन-प्रोपिलीनचे) प्लांट शेजारी-शेजारी असतील तिथे मिथेनॉलमधले हलके वायू काढतात आणि शेवटचं, सगळ्यात जास्त वाफ खाणारं डिस्टिलेशन सोडून देतात. बाजारात विकण्याच्या दृष्टीने हा माल नापास, रिअ‍ॅक्टरच्या दृष्टीने उत्तम.

मिथेनॉलच्या व्यापारात एक जुनी चाचणी आहे, परमँगनेट टाइम. नमुना काचेच्या उभट नळीत घेऊन १५ अंशांवर ठेवतात, त्यात पोटॅशियम परमँगनेटचं पातळ द्रावण घालतात आणि घड्याळ लावतात. सुरुवातीचा जांभळट गुलाबी रंग हळूहळू पिवळट-केशरी होत जातो. शेजारच्या नळीतल्या ठरावीक रंगाशी तो जुळला की वेळ नोंदवायची. ६० मिनिटांच्या आत रंग गेला तर माल नाकारला जातो. सहज ऑक्सिडाइज होणारं काही मिसळलेलं असेल तर ही चाचणी ते पकडते, आणि औषधं किंवा इतर रसायनं बनवणाऱ्याला ते कळायलाच हवं. पण आमच्या रिअ‍ॅक्टरला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं सोयरसुतक नाही. थोडं इथेनॉल आलं तर त्याचं पाणी निघून इथिलीनच होतं. अ‍ॅसिटोनचाही कॅटॅलिस्टवर बराचसा हायड्रोकार्बन होऊन जातो. उलट रंग तासभर टिकलेला माल आमच्यासाठी घातक असू शकतो, कारण या चाचणीला सोडियम दिसत नाही.

सोडियमवर जरा जास्त वेळ घालवते. सॅपो-३४ चं सगळं काम त्याच्या आम्लकेंद्रांवर चालतं. जाळीच्या आत पिंजऱ्यासारख्या पोकळ्या, त्यांची दारं जेमतेम ०.३८ नॅनोमीटरची. आत अडकलेल्या मोठ्या अ‍ॅरोमॅटिक रेणूंवर मिथेनॉल चढत जातं आणि इथिलीन, प्रोपिलीन तुटून बाहेर पडतं. जेवढं दारातून मावतं तेवढंच बाहेर येतं, म्हणून हा कॅटॅलिस्ट निवडक. पण प्रत्येक आम्लकेंद्रावर एक प्रोटॉन असतो आणि सोडियमचा आयन येऊन त्याची जागा घेतो. ते केंद्र तिथेच संपलं. कोक साचला तर रिजनरेटरमध्ये हवेने जाळता येतो. सोडियम जळत नाही, उडूनही जात नाही. कॅटॅलिस्ट रिअ‍ॅक्टर आणि रिजनरेटरमध्ये गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडं आणखी सोडियम अंगावर घेतो.

आता हिशेब बघा. २०१० साली चीनमध्ये बाओतौ इथे कोळशावर आधारलेला पहिला मोठा व्यापारी प्लांट सुरू झाला. दालियनच्या रासायनिक भौतिकी संस्थेचं तंत्रज्ञान, वर्षाला १८ लाख टन मिथेनॉल आणि त्यातून ६ लाख टन ओलेफिन. एवढ्या मिथेनॉलमध्ये समजा १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) सोडियम आहे. वर्षाचे झाले १.८ टन. सॅपो-३४ च्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने एक मिलिमोल आम्लकेंद्रं धरली आणि सोडियमचा प्रत्येक अणू त्यांच्यापर्यंत पोचला असं मानलं, तर या १.८ टनात सुमारे ७८ टन कॅटॅलिस्टची सगळी केंद्रं बंद पाडायची ताकद आहे. प्रत्यक्षात मिथेनॉलची वाफ करताना बरचसं मीठ द्रवातच मागे राहतं. पण वाफेबरोबर बारीक थेंब उडतात आणि थेंबात मीठ असतं. त्यामुळे व्हेपोरायझरच्या तळातून थोडा द्रव सतत काढत राहणं आणि वर थेंब अडवणारी जाळी धड असणं, या दोन गोष्टींना मी कुठल्याही महागड्या उपकरणाइतकंच महत्त्व देते. जिथे कच्च्या मालाचा भरवसा नाही तिथे द्रव मिथेनॉल सोडियमसारखे आयन धरून ठेवणाऱ्या आयन-एक्स्चेंज रेझिनमधून नेतात.

हे सोडियम येतं कुठून? एक वाट समुद्रातून. किनाऱ्यावरचे प्लांट मिथेनॉल जहाजाने आणतात, आणि टाकीत समुद्राचं पाणी जरासं जरी राहिलं तरी क्लोराइड आणि सोडियम दोन्ही येतात. दुसरी वाट मिथेनॉलच्याच प्लांटमधून. तिथे कच्च्या मिथेनॉलमधलं आम्ल मारायला डिस्टिलेशनच्या आधी कॉस्टिक सोडा सोडतात. तिसरी वाट आपल्याच घरातली. रिअ‍ॅक्टरमधून निघालेल्या पाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल असतं, ते मारायला आपणही कॉस्टिक घालतो, आणि त्याच पाण्यातून परत मिळवलेलं मिथेनॉल आणि डायमिथाइल ईथर पुन्हा रिअ‍ॅक्टरकडे पाठवतो. हे पाण्यातून वेगळं करणाऱ्या स्ट्रिपर टॉवरमध्ये थेंब उडाले की आपणच घातलेलं सोडियम फिरून आपल्याच कॅटॅलिस्टवर येतं.

नायट्रोजनची गोष्ट थोडी वेगळी. कोळशापासून बनवलेल्या सिंथेसिस गॅसमध्ये अमोनिया राहिला तर मिथेनॉल बनताना त्याचे मिथाइल अमाइन होतात. तेही आम्लकेंद्रं अडवतात, पण रिजनरेटरमध्ये जळून जातात. म्हणजे त्रास आहे, पण कायमचा नाही. लोह आणि निकेल मात्र कायमचे. लोखंडी पाइपात कार्बन मोनॉक्साइडशी संयोग होऊन तयार झालेलं लोहाचं कार्बोनिल वाफेबरोबर सहज प्रवास करतं आणि गरम जागी विघटन होऊन धातू सोडून देतं. असा धातू बसला की तिथे मिथेनॉलचं ओलेफिन होण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊ लागतं. हा कार्बन मोनॉक्साइड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिअ‍ॅक्टरमधून निघालेला वायू पहिल्यांदा पाण्याने थंड करतात. वायू गोल फिरवून भुकटी वेगळी करणाऱ्या सायक्लोनमधून निसटलेली कॅटॅलिस्टची भुकटी या क्वेंच टॉवरच्या पाण्यात उतरते. ते पाणी बरणीत भरून ठेवलं तर राखाडी, दुधाळ दिसतं आणि कितीतरी वेळ निवळत नाही, इतके कण बारीक. पुढच्या वॉटर-वॉश टॉवरमध्ये खूप मिथाइल गट असलेले अ‍ॅरोमॅटिक पदार्थ येतात. त्यातलं ड्युरीन ७९ अंशांना वितळतं, म्हणजे कूलरच्या थंड नळीवर गोठायला तयारच. मेणासारखा थर आणि त्यात रुतलेली भुकटी, हा लगदा नळ्यांमध्ये बसला की उष्णता जाणं बंद. अनेक प्लांटना रिअ‍ॅक्टरपेक्षा या पाण्यानेच जास्त छळलं आहे, आणि तरी नवीन माणसाला दाखवताना या भागापुढून भराभर नेतात. मला ते पटत नाही. आधी इथेच थांबायला हवं.

मग वायू दाबायचा आणि कार्बन डायऑक्साइड काढायला कॉस्टिकने धुवायचा. इथे अ‍ॅसिटाल्डिहाइड आडवं येतं. कॉस्टिकच्या संगतीत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पिवळं, पुढे तांबूस होत जाणारं चिकट तेल तयार होतं. ते ट्रेवर बसतं, टॉवरमधला दाब वाढवतं. म्हणून कॉस्टिक टॉवरच्या आधी पाण्याने नीट धुऊन अल्डिहाइड जितकं काढता येईल तितकं काढायचं असतं.

सगळ्यात बोलका पदार्थ म्हणजे डायमिथाइल ईथर, आमच्या बोलण्यात डीएमई. रिअ‍ॅक्टरमध्ये मिथेनॉलचं आधी डीएमईच होतं आणि मग त्यातून ओलेफिन. म्हणजे तिथे तो हक्काचा कच्चा माल. थोडा मात्र न बदलता निसटतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे २५ अंश, प्रोपेनचा उणे ४२, प्रोपिलीनचा उणे ४८. आकडे बघून वाटतं, सहज खाली बसेल. पण मिश्रणात तो एवढा सरळ वागत नाही आणि तीन कार्बनवाल्यांच्या संगतीने वर जातो. तो पॉलिमरच्या, म्हणजे आमचे ओलेफिन घेऊन प्लास्टिक बनवणाऱ्या, प्लांटमध्ये पोचला तर टायटॅनियमवर आधारलेल्या कॅटॅलिस्टचं विष. त्यातला ऑक्सिजन त्या धातूला चिकटतो आणि साखळी वाढणं थांबतं. मग त्याला मिथेनॉलने धुऊन काढायचं. धुताना मिथेनॉलची वाफ वायूत येते, ती पाण्याने धुवायची. पाण्याने वायू ओला होतो, म्हणून पुढे मॉलिक्युलर सिव्हचे (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचे) ड्रायर. प्रत्येक टॉवर आधीच्या टॉवरने मागे ठेवलेलं काढायला उभा आहे. धुवायला वापरलेलं मिथेनॉल डीएमईसकट रिअ‍ॅक्टरकडे परत जातं आणि तिथे तो पुन्हा कच्चा माल होतो.

ड्रायरनंतरचं काम नाफ्था क्रॅकरसारखंच, म्हणजे खनिज तेलातला नाफ्था तोडून ओलेफिन बनवणाऱ्या प्लांटसारखंच. पाणी १ पीपीएमच्या खाली, नाहीतर थंड भागात हायड्रेट (पाणी आणि वायूचे बर्फासारखे खडे) जमतात. अ‍ॅसिटिलीन थोडं असतं, ते पॅलॅडियमवर हायड्रोजन देऊन घालवायचं. प्रोपिलीन आणि प्रोपेनमध्ये जेमतेम साडेपाच अंशांचा फरक, म्हणून दीडशेहून जास्त ट्रेचा उंच कॉलम. आराखड्यात सगळ्यात आधी नजर जाते ती यावर.

आता तो कार्बन मोनॉक्साइड. गॅस-फेज पॉलिप्रोपिलीनच्या रिअ‍ॅक्टरमध्ये अभिक्रिया हाताबाहेर गेली तर ती तत्काळ थांबवायला कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये तयार ठेवतात. तो सोडला की कॅटॅलिस्ट जागीच थंड पडतो. तोच वायू आपल्या मालातून नकळत थोडा थोडा गेला तर पॉलिमर बनवणाऱ्याचं उत्पादन घटतं आणि त्याला कारण सापडत नाही. त्या कारणाचा माग काढत मागे गेलं तर कधी कधी मिथेनॉलच्या टाकीतल्या लोहापर्यंत पोचता येतं. म्हणून कच्च्या मालाचं शुद्धीकरण आणि तयार मालाचं शुद्धीकरण ही दोन वेगळी खाती करायला माझा विरोध आहे. दोन्हीकडची माणसं एकमेकांचे लॅब रिपोर्ट वाचत नसतील तर हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो.

गंधकाची चिंता मात्र या मार्गात फार नाही. मिथेनॉल बनवणारा तांब्याचा कॅटॅलिस्ट गंधक अजिबात सहन करत नाही, त्यामुळे ते काम मिथेनॉलवाल्याने स्वतःच्या गरजेपोटी आधीच चोख केलेलं असतं.

हल्ली याच प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं: हरित मिथेनॉल आलं तर हे टॉवर कमी होतील का? कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून बनवलेल्या मिथेनॉलमध्ये पाणी जास्त असतं, आणि ते आम्हाला चालतं. क्राफ्ट पद्धतीच्या कागदाच्या लगद्याच्या गिरणीतून निघणारं मिथेनॉल वेगळं. त्यात गंधकाची संयुगं, अमोनिया आणि टर्पेंटाइन असतं, आणि ते तांब्याच्या कॅटॅलिस्टवरून गेलेलं नसल्यामुळे गंधकाची वर सांगितलेली निश्चिंती तिथे लागू पडत नाही. असा माल समोर आला तर मी टक्केवारी शेवटी विचारेन. आधी सोडियम, एकूण नायट्रोजन, लोह आणि गंधक पीपीएममध्ये मागवेन, आणि ज्या टँकरमधून माल येणार त्यात आधी काय होतं तेही.