चित्रकार, तांबट आणि छापखान्यातला पोऱ्या : घारापुरीच्या छाप्याची नोंद

मागच्या नोंदीत कॅमेरा ऑब्स्क्युराची पेटी (भिंगातून समोरचं दृश्य काचेवर पाडणारी, म्हणजे त्यावरून रेषा उतरवता येतात) तयार झाल्याचं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. त्यानंतर चार महिने गप्प होतो. मला वाटलं होतं, पेटी झाली म्हणजे निम्मं काम झालं. दहावा हिस्साही झालेला नव्हता.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. विल्यम तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा. गढवालातल्या श्रीनगरापासून दक्षिणेतल्या देवळांपर्यंत रेखाटनं करत दोघे १७९३ मध्ये मुंबईला पोचले आणि घारापुरी, कान्हेरी बघून गेले. सामानात कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. लंडनला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या हिंदुस्थानातल्या दृश्यांच्या मालिकेचे १४४ छापे निघाले. मला त्यांच्या ॲक्वाटिंट पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर छटा खोदून त्यावरून छापून, घारापुरीचं एकच चित्र करायचंय, पेटीतल्या रेषेपासून कागदावरच्या छाप्यापर्यंत.

पेटीत एक बदल केला. चष्मेवाल्याकडून घेतलेलं +४ नंबरचं न कापलेलं भिंग, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरवर प्रतिमा. आत ४५ अंशांत आरसा, वर १४ बाय ११ सेंटिमीटरची दुधी काच. कडेच्या रेषा फार पसरट येत होत्या म्हणून भिंगापुढे तीन सेंटिमीटर भोकाचा काळा पुठ्ठा लावला. रेषा सुधारल्या, पण चित्र अंधारलं. डोक्यावर काळी चादर घेतल्याशिवाय काही दिसत नाही.

त्या चादरीसकट घारापुरीला गेलो. ट्रायपॉडला परवानगी लागते हे मला आधी माहीत असायला हवं होतं. शेवटी पेटी घडीच्या स्टुलावर ठेवून स्वतः जमिनीवर बसलो. मुख्य लेण्याचा दर्शनी भाग उत्तरेकडे, त्यामुळे सकाळभर उजेड फारसा बदलत नाही. पुढचे खांब, मागे अंधारात शिरत गेलेल्या खांबांच्या रांगा, आणि त्यांच्या फटीतून दिसणारा लिंगाच्या गर्भगृहाचा कोपरा एवढंच घेतलं. त्रिमूर्ती मुद्दाम सोडली. ती काचेवर काळ्या डागापलीकडे काही दिसत नव्हती. रेषा उतरवायला पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं शाळेच्या सहलीतल्या पोरांनी खाल्ली. एकाने चादरीत डोकं घातलं आणि ओरडला, “काका, आत माणसं चालतायत!” मग अख्खी रांग लागली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीही असाच ओरडलो होतो.

आता तांबं. मुंबईच्या तांबाकाट्यावरून पाऊण मिलिमीटरचा पत्रा कापून आणला. राळ भुलेश्वरहून, तांबं खाणारं आम्लधर्मी रसायन, फेरिक क्लोराईड, लॅमिंग्टन रोडवरून. सर्किट बोर्ड करणारी मंडळी तेच वापरतात, त्यामुळे दुकानदाराने काही विचारलं नाही.

ॲक्वाटिंटची गंमत अशी की त्यात छटा ओढायच्या नसतात, आम्लाकडून चावून घ्यायच्या असतात. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसू द्यायची आणि खालून आच द्यायची. प्रत्येक कण वितळून जागच्या जागी चिकटतो. मग फेरिक त्या कणांच्या मधल्या उघड्या तांब्यालाच खातं आणि त्या खडबडीत जागी शाई धरते. जितका वेळ बुडवाल तितकं काळं. आकाश आधी झाकायचं, थोड्या वेळाने खडक, मग खांब. लेण्याच्या आतला अंधार शेवटपर्यंत उघडा. झाकायला मी नेलपॉलिश वापरलं. घरात ते कोणाचं होतं हा विषय वेगळा.

चाचणीच्या पहिल्या पट्टीवर गॅस जास्त झाला. राळेचे कण वितळून एकमेकांत मिसळले, सलग थर झाला आणि फेरिकला आत शिरायला वाटच उरली नाही. आठ मिनिटं बुडवूनही पट्टी कोरी. दुसऱ्या वेळी पांढरी पूड पारदर्शक दिसू लागल्याबरोबर पत्रा उतरवला. त्या पट्टीवर पंधरा सेकंदांपासून आठ मिनिटांपर्यंत सहा छटा नीट आल्या. दोन सूचना देतो : राळ उडवताना मास्क लावा आणि जवळ ज्योत ठेवू नका. आणि फेरिकचा पत्रा स्टीलच्या सिंकमध्ये धुऊ नका. आमच्या सिंकला आता जे खड्डे आहेत ते माझेच.

मग खरा पत्रा घेतला. शेवया-पास्ता लाटायच्या यंत्रातून ओल्या कागदासकट फिरवला, कागद सोलला, आणि पहिल्या क्षणी इतका आनंद झाला की दोष दिसलाच नाही. तो बायकोने दाखवला : “लिंग उजवीकडे असतं ना रे?” उत्तरेकडून आत बघताना गर्भगृह उजव्या हाताला येतं. माझ्या छाप्यात ते डावीकडे होतं.

चूक माझ्या शहाणपणाची. आरशाच्या पेटीत चित्र उभं सुलट दिसतं, पण डावं-उजवं उलटं. ते ‘दुरुस्त’ करायला मी ट्रेसिंग पेपर पालथा घातला आणि सुलट रेषा पत्र्यावर उतरवल्या. छापताना त्या पुन्हा उलटल्या. पेटीतली रेषा होती तशीच ठेवली असती तर छापा आपोआप बरोबर आला असता.

तेव्हा थॉमसचं १७८८ चं पत्र आठवलं. कलकत्त्याची बारा दृश्यं पुरी केल्यावर त्याने एका मित्राला लिहिलं होतं, की चित्रकार, कोरणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्या, सगळं मलाच व्हावं लागलं. आपण त्यांना प्रवासी चित्रकार म्हणतो, पण हिशेब मांडा : हिंदुस्थानात सात वर्षं, तांब्यापुढे तेरा. विल्यम पंचविशीत परतला, मालिका संपली तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्यातले वेरूळचे २४ छापे तर मुंबई-पुण्यात काम केलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेले. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. त्याच काळात वेरूळची लेणी रेखाटणाऱ्या पुण्याच्या चित्रकाराचं नाव गंगाराम तांबट, हा योगायोग मला भारी आवडतो.

सध्याची स्थिती : त्याच पत्र्याची मागची बाजू घासून नवी रेषा उतरवली आहे, या वेळी पालथं न घालता. आकाश झाकून झालं. खडकाला एक मिनिट द्यावं की दोन यावर अडलोय, कारण चाचणीच्या पट्टीवर एक मिनिटाची छटा उन्हातली वाटते आणि दोनची पावसाळ्यातली. आणि नेलपॉलिशची बाटली संपली आहे.