खोक्याच्या भोकाचं गणित

घरी सबवूफरचा, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स करायचा म्हटलं की सगळी चर्चा ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या मूळ स्पीकरवर, किती इंची, किती वॅट, मॅग्नेट केवढं, आणि बॉक्स म्हणजे काय तर खोकं, चार फळ्या जोडल्या की झालं. पोर्टेड बॉक्सच्या, म्हणजे हवा आतबाहेर जायला नळीचं भोक (पोर्ट) ठेवलेल्या बॉक्सच्या, नादाला लागलात की मात्र कळतं, अर्धा जीव त्या भोकात जातो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसंच हे. पोर्टच्या नळीतल्या हवेला वजन असतं, आतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला डोलायला लागतात. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच सांगून ठेवलंय. पुढे १९६१ मध्ये थील नावाच्या इंजिनिअरने आणि सत्तरच्या दशकात स्मॉल नावाच्या दुसऱ्याने बॉक्सचं गणित असं काही बसवून दिलं की आज आपण ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातले दोनचार आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो.

खरी गंमत नळीत आहे. समजा आतली मोकळी जागा ६० लिटर आणि ट्यूनिंग, म्हणजे ती डोलण्याची फ्रिक्वेन्सी, ३२ हर्ट्झ, तर १० सेंटीमीटर व्यासाची नळी साधारण ३१ सेंटीमीटर लांब लागते. पण एवढ्या नळीतून जोरात हवा गेली की फसफस ऐकू येते, म्हणून तुम्ही म्हणता चला १५ ची टाकू, तर तीच लांबी एकदम ७५ च्या आसपास जाते! आता ही बसवणार कुठे, शिवाय ती स्वतःच तेरा-चौदा लिटर जागा खाणार, म्हणजे खोकं मोठं करा, आतल्या आडव्या पट्ट्यांची नि ड्रायव्हरच्या पाठीची जागाही धरा, आणि परत पहिल्यापासून हिशोब. नळी आधी जरा लांबच ठेवावी हे बरं, कापून कमी करता येते, वाढवायला जास्त कटकट.

१८ मिलीमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी), गोंद, स्क्रू, सांध्यांना सीलंट, यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त कापताना मास्क लावा, ती पिठासारखी बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट.

सगळं जुळल्यावर एकदा हे नक्की करून बघा. टेस्ट टोन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर, लावायचा, आवाज बेताचा, आणि ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली यायचं. आधी कोन, म्हणजे ड्रायव्हरचा समोरचा हलणारा पडदा, चांगला मागेपुढे हलताना दिसतो आणि ट्यूनिंगजवळ आला की जवळजवळ थांबतो, आवाज मात्र चालूच! पोर्टसमोर हात धरला की वारा लागतो. म्हणजे वाजवतंय कोण, तर भोक. अजून खाली गेलात की तोच कोन बेलगाम उड्या मारायला लागतो कारण मागच्या हवेचा धरबंध सुटलेला असतो, म्हणून त्या खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावा, यात कंजूषपणा नको.

बिनभोकाचा बंद बॉक्स करणारे म्हणतील आमचा बेस जास्त घट्ट. असेल बाबा, त्यांचा आवाज खाली उतरतानाही हळू उतरतो, दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबल, आमचा २४ ने कोसळतो. पण ट्यूनिंगच्या आसपास त्याच ड्रायव्हरमधून जो जोर निघतो तो त्यांच्याकडे नाही, आणि मला तोच हवाय. बाकी कपाटाची दारं खडखडायला लागली तर बिजागऱ्या आवळून घ्या, त्यात सबवूफरचा काही दोष नाही.