आयत्या पिठावर रेघोट्या

दादा जे म्हणाला ते हसत हसतच म्हणाला, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी वाचताना वाटेल की काहीतरी मोठं घडलं होतं. काही घडलेलं नाहीये. मी केलेला ब्रेड कापला, सगळ्यांनी खाल्ला, वहिनीनं परत मागून घेतला, आणि तिनंच विचारलं की मळायला किती वेळ लागतो गं याला, तर मी म्हटलं मळायचाच नसतो हा, ढवळायचा आणि झाकून ठेवायचा. त्यावर दादा बटर लावता लावता म्हणाला, "अच्छा, म्हणजे फुगवला यीस्टनं, भाजला ओव्हननं, तू नुसत्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास." सगळे हसले. मीपण हसले.

आणि आता सगळं आवरून झालंय, झोपायला हरकत नाही, तर मी इथे बसून त्या एका वाक्याचा कीस पाडतेय.

मुळात रेघोट्या मी खरंच ओढल्या होत्या, त्यामुळे जास्त लागलं असेल. ओव्हनमध्ये जायच्या आधी ब्लेडनं वरून तिरप्या चिरा द्याव्या लागतात, म्हणजे आतली वाफ आणि गॅस जिथून बाहेर यायचा तिथूनच येतो, नाहीतर ब्रेड स्वतःच्या मर्जीनं कुठूनही फाटतो, बहुतेक बुडाजवळून. खपली या जुन्या गव्हाचं पीठ इतकं चिकट की ब्लेड ओलं केलं नाही तर चीर पडायच्या ऐवजी पीठच ओढलं जातं. हे करताना श्वास रोखून धरलेला असतो. पण दिसायला काय दिसतं, रेघोट्याच दिसतात.

मनगटाचं ते सगळं झाल्यापासून माझं मळणं बंद आहे, हे त्याला माहितीये. तो त्या अर्थानं बोलला नसणार. नसेलच. जाऊ दे, त्याबद्दल नाही लिहायचंय.

मला फक्त हे कळत नाहीये की मी काय केलं हे मला त्याच वेळी का सांगता आलं नाही. म्हणजे तोंड उघडलं असतं तर काय म्हणाले असते? वजन केलं. चारशे ग्रॅम पीठ, त्यात २४० खपलीचं आणि १६० साधं पांढरं ब्रेडचं, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, पाव चमचा यीस्ट. चमच्यानं ढवळलं. झाकण ठेवलं. झोपले. झाली की यादी. कुणी ऐकली असती तर दादाचीच बाजू घेतली असती.

हां, थाइमची पानं. ती राहिलीच. थाइमची काडी टोकाला धरायची आणि उलट्या बाजूनं बोटं ओढत आणायची, की पानं सुटून खाली पडतात, असं सांगतात. अर्धी पडतात. उरलेली बारीक पानं एकेक खुडावी लागतात आणि कोवळं टोक असेल तर काडीच तुटते. रोझमेरी त्या मानानं शहाणी, पण ती चिरावी लागते नाहीतर खाताना टोचते. आणि हे सगळं पिठाच्या आत घालायचं, वरून पेरायचं नाही, कारण ओव्हन २३० अंशांवर असतो आणि वरची पानं काळी होऊन कडू लागतात. लसूण भाजून घेतला होता. कच्चा घातला तर त्यातली गंधकाची संयुगं ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन, आणखी ढिलं करतात, आणि खपलीला त्या बाबतीत कुणाच्या मदतीची गरज नाही. तर एवढं केलं. पण "मी पानं खुडली" हे काय भरल्या टेबलावर बाणेदारपणे सांगायचं उत्तर आहे?

गंमत म्हणजे ज्यानं ही पद्धत लोकांपर्यंत नेली त्याचं नाव न मळण्यासाठीच झालं. जिम लेही, न्यूयॉर्कचा बेकर. नोव्हेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची कृती छापून आली, तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, बारा ते अठरा तास तसंच ठेवायचं आणि मग झाकणाच्या जड भांड्यात भाजायचं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेडला हात लावला नव्हता तेसुद्धा कामाला लागले. त्यानं हात काढून घेतले तर वाहवा. मी काढून घेतले तर रेघोट्या. अर्थात तो रोज शेकड्यानं ब्रेड करणारा माणूस, त्यानं न मळणं आणि मी न मळणं यात फरक आहे, हे मलाही कळतं. तरी.

बरं, पीठ तरी माझ्या बाजूनं असावं? तेही नाही. खपली, म्हणजे ते एमर की काय म्हणतात ते, हा माणसानं लागवडीखाली आणलेल्या अगदी पहिल्या धान्यांपैकी एक, दहा हजार वर्षांच्या आसपास जुना. त्याच्यात गुणसूत्रं २८. आपल्या नेहमीच्या ब्रेडच्या गव्हात ४२. ती जास्तीची १४ पुढे कधीतरी एका रानगवताशी संकर होऊन आली, आणि पीठ ताणलं की परत मागे येतं, गोळा उभा राहतो, तो गुण बराचसा त्या गवताकडून आलाय. खपलीकडे ते नाहीच. त्यात ग्लूटेन भरपूर असतं (टेबलावर कुणीतरी म्हणालंच की जुना गहू म्हणजे ग्लूटेन नसतं, तर असतं, आणि सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या माणसाला तो चालत नाही, हे मात्र मी ठासून सांगितलं, तिथे बरोबर तोंड उघडलं), पण ते ग्लूटेन ताणलं जातं आणि तसंच राहतं. मागे येत नाही. जास्त मळायला गेलं तर घट्ट व्हायच्या ऐवजी तुटतं, चिकट होतं, हाताला लागून बसतं. म्हणून याला न मळणंच बरं.

थोडक्यात, हात धडधाकट असते तरी या पिठाला ते नको होते.

हे मघाशी भांडी घासताना लक्षात आलं आणि मला एकदम रडूच यायला लागलं, खरं सांगते. म्हणजे दादाचं जाऊ दे, पण पीठसुद्धा म्हणतंय की तू जरा बाजूला हो. मी या ब्रेडकडे आले तेच मुळी हात वापरायचे नाहीत म्हणून, मनात असं होतं की ही सोय आहे, तडजोड आहे, बरं झालं की परत पहिल्यासारखं मळायला लागू, तोपर्यंत याच्यावर भागवू. आणि हा ब्रेड बिचारा तडजोड नाहीच आहे. तो असाच असतो. त्याला माझं पूर्वीचं मळणं माहीतही नाही.

नळ चालूच राहिला होता. बंद केला.

मग मला ते जॉर्डनचं आठवलं. तिथे शुबायका नावाच्या ठिकाणी जुन्या चुलीत ब्रेडचे जळके तुकडे सापडलेत, २०१८ मध्ये जाहीर झालं, साधारण १४,४०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीचे. रानातले दाणे आणि पाणथळ जागेतल्या गवतासारख्या एका वनस्पतीचे कंद गोळा करून, दळून, पाण्यात कालवून, चुलीवर भाजलेलं काहीतरी चपटं. यीस्टचा पत्ता नाही. आणि मला पहिला विचार काय आला, तर तिलाही (तीच असणार, मी ठरवून टाकलंय) कुणीतरी तोंडात घास असताना म्हणालं असणार की दाणे रानानं दिले, भाजले जाळानं, तू काय केलंस गं. आणि ती हसली असणार. आणि मग रात्रभर कुढत बसली असणार. चुलीतले ते तुकडे जळके का होते याचं मला आता एक वेगळंच कारण सुचतंय.

इथे मला हसू आलं आणि ते आल्यावर जरा बरं वाटलं.

नंतर नीट विचार केला तर कुठेतरी एक जागा आहे जिथे मी असते. वेळेची. लेहीचे अठरा तास पांढऱ्या मैद्याचे, ते खपलीला लावले तर सकाळी पातेल्यात सूप. कोंड्यासकट दळलेलं पीठ भराभर आंबतं, आणि जसं आंबट होत जातं तसं ते आधीच नाजूक असलेलं ग्लूटेन आणखी सुटत जातं. त्यामुळे आठ-दहा तासांनंतर बघत राहावं लागतं. हवा गरम असेल तर त्याच्याही आधी. काय बघायचं तर वरचा पृष्ठभाग. आधी तो मातकट, गुळगुळीत, मध्ये मध्ये थाइमचे ठिपके. मग कडेनं बारीक भोकं दिसायला लागतात. मग मधे बुडबुडे येतात, पातळ सालीचे, बोट लावलं की हळूच बसतात. वास आंबूस पण गोड बाजूचा. इथे काढायचं. अजून अर्धा-एक तास गेला की मधला भाग खाली बसतो आणि वास बिअरकडे झुकतो, तेव्हा उशीर झालेला असतो. हे कुठल्याही घड्याळात येत नाही. मी पहाटे उठले होते त्यासाठी, अंधारात, फोनचा टॉर्च पातेल्यावर धरून. आणि बघून परत झोपले, कारण अजून झालं नव्हतं. परत झोपणं हेच त्यातलं काम होतं! आता हे सांगा कुणाला पटवून.

नाही पटवायचंय. खरंच. कारण मी झोपले हे तर खरंच आहे, आणि छान झोपले. झोपण्याचं श्रेय मिळालं नाही म्हणून रुसलेली मी जगातली पहिलीच बाई असेन. तिकडे पाणी पिठात मुरत होतं, ग्लूटेनचे धागे आपले आपण जुळत होते, बुडबुडे त्यांना आतून ताणत होते, म्हणजे मळण्याचं जे काम ते बुडबुडेच करत होते, आणि मी कुशीवर. दादाचं वाक्य माहिती म्हणून तपासलं तर त्यात चूक काढता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. चूक असती तर भांडता आलं असतं.

काढल्यावर ओल्या हातानं चार घड्या घालायच्या, तेवढाच काय तो स्पर्श. तो गोळा परातीत ठेवला की उन्हात पसरलेल्या मांजरासारखा बाजूंनी ऐसपैस होतो, उंच होतच नाही. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी बेकिंग पेपरसकट उचलून तापलेल्या बिडाच्या भांड्यात सोडते आणि भांड्याच्या भिंतींवर सोपवते. झाकण लावून अर्धा तास. पिठातलीच वाफ आत कोंडते, त्यामुळे वरची साल लगेच सुकत नाही आणि ब्रेडला फुगायला सवड मिळते. मग झाकण काढून पंधरा-वीस मिनिटं. झाकण काढलं तेव्हा चिरा उघडल्या होत्या, एक चांगलीच, तिच्या आतली कड कच्च्या पिठाच्या रंगाची आणि बाहेरची तांबूस व्हायला लागलेली. मी ओव्हनपाशी उभी राहून बघत होते. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं की तू काय केलंस, तर मला प्रश्नच कळला नसता.

थंड होईपर्यंत कापायचा नाही हे मात्र मी सगळ्यांकडून पाळून घेतलं. आतला स्टार्च निवल्याशिवाय घट्ट होत नाही, गरम कापला तर सुरीला लगदा. दादा तीनदा ओट्याशी येऊन गेला. तीनदा परत पाठवला. तेव्हा नाही म्हणाला आपोआप झालाय म्हणून.

आत्ता वहिनीचा मेसेज आलाय, रेसिपी पाठव म्हणून. टाइप करायला घेतली तर संपेचना. पाणी एकदम सगळं ओतू नको, प्रत्येक पीठ वेगळं पितं. यीस्ट जास्त घालू नको, घाई होते. मधे मधे उघडून ढवळू नको. घट्ट वाटलं नाही म्हणून वरून पीठ घालू नको. मळू तर अजिबात नको. स्क्रोल करावं लागेल एवढं झालं, आणि निम्म्या ओळी "नको"नं संपणाऱ्या. तशीच पाठवली. तिनं अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, दादा विचारतोय उद्या डब्याला दोन तुकडे उरलेत का.

उरलेत. बूड जरा जास्त लागलंय या वेळी, तिकडचे देईन.