महत्तम लहान आणि लघुतम मोठा कसा?

१२ आणि १८ यांचा मसावि (महत्तम साधारण विभाजक) ६, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) ३६. म्हणजे 'महत्तम' निघाला सहा आणि 'लघुतम' छत्तीस! बऱ्याच मुलांची उत्तरं इथेच उलटसुलट होतात, कारण ती पहिल्याच शब्दावर थांबतात. खरा अर्थ शेवटच्या 'वि'मध्ये आहे. मसावितला 'वि' विभाजकाचा. विभाजक म्हणजे भागणारा. तो संख्येहून मोठा असूच शकत नाही. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२ आणि १८ चे १, २, ३, ६, ९, १८. दोन्हीकडे सापडणाऱ्यांत सगळ्यात मोठा ६. लसावितला 'वि' मात्र विभाज्याचा, म्हणजे ज्याला पूर्ण भाग जातो त्याचा. तो दिलेल्या एखाद्या संख्येपेक्षा लहान आला, तर उत्तर चुकलंच म्हणून समजा. मधला 'साधारण' म्हणजे सामाईक; साधासुधा नव्हे.

पडताळा सोपा आहे: ६ × ३६ = २१६ आणि १२ × १८ सुद्धा २१६. हा दोनच संख्यांना लागू पडतो, तीन संख्यांना लावायला जाऊ नका.

लसाविचं काम पडतं भिन्नच्छेद, म्हणजे वेगवेगळे छेद असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत. ५/१२ + ७/१८ घ्या. सर्रास दिसणारी चूक म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवून १२/३०, म्हणजेच २/५. आता ५/१२ म्हणजे २५/६० आणि २/५ म्हणजे २४/६०. भर घातली आणि होतं त्यातूनच कमी झालं! छेद सांगतो एकाचे किती समान भाग केले, अंश सांगतो त्यांतले किती घेतले. बारावा भाग आणि अठरावा भाग हे वेगळ्या मापाचे तुकडे, ते एकत्र मोजायचे कसे? म्हणून आधी समच्छेद, म्हणजे दोन्हींचा छेद सारखा. १२ चे ३६ करायला ३ ने गुणलं, तर अंशालाही ३ ने गुणायचं: १५/३६. दुसरीकडे २ ने गुणून १४/३६. बेरीज २९/३६. छेदांचा थेट गुणाकार करूनही जमतं, पण मग १७४/२१६ हे धूड हाती येतं आणि ६ ने भागून अतिसंक्षिप्त रूप द्यावं लागतं. तिथे हमखास गडबड होते.

अंशाधिक म्हणजे अंश मोठा, छेदाधिक म्हणजे छेद मोठा. यात पाठ करण्यासारखं काही नाही. ११/४ हा अंशाधिक, त्याचं पूर्णांकयुक्त रूप २ पूर्णांक ३/४, आणि बाजारात तोच पावणेतीन. पावणे म्हणजे पाव उणे. बोलीतला हा शब्द वहीतल्या रूपापेक्षा कधीकधी जास्त कामाचा असतो. पाचातून पावणेतीन वजा करायचे? पाचातून तीन गेले, उरले दोन. पाव जादा काढला तो परत द्या, सव्वादोन. मात्र शेकड्यापुढे सांभाळा. सव्वाशे म्हणजे १२५, कारण तिथे सव्वा शंभराला गुणतो. पाऊणशे ७५, पावणेदोनशे १७५.

मूळ संख्येला नेमके दोनच विभाजक असतात, म्हणून १ ही मूळही नाही आणि संयुक्तही (दोनाहून जास्त विभाजक असलेली) नाही. ९१ दिसते मूळ, पण ती ७ × १३ आहे. मुलं जोडमूळ आणि सहमूळ यांचीही सरमिसळ करतात. जोडमूळमध्ये दोन्ही संख्या मूळ हव्यात आणि फरक २ हवा: ११ आणि १३. सहमूळला फक्त १ हाच सामाईक विभाजक असला की पुरे. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त, तरी एकमेकींशी सहमूळ. छेद असे सहमूळ असले की लसावि शोधत बसू नका, सरळ गुणाकार करा: ७२.