उभ्याने कॉफी

मिलानच्या मध्यवर्ती स्थानकातल्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती पावती संगमरवरी कट्ट्यावर ठेवून उभे राहायचे, हे भाच्याने मला विमानतळावरून येतानाच पढवून ठेवले होते. कट्ट्यामागचा माणूस ती पावती बोटाने जराशी फाडतो, म्हणजे ती वापरली गेली. मग बशी ठेवल्याचा आवाज, लहानसा चमचा, आणि मिनिटाच्या आत दोन घोटांची काळीभोर कॉफी. इतके पढवूनही व्हायचे ते झालेच. मी पुण्यातल्या सवयीने ‘लाटे’, म्हणजे दुधाळ कॉफी, मागितली आणि माझ्यापुढे पेलाभर कोमट दूध आले. इटलीत ‘लात्ते’ म्हणजे नुसते दूध. शेजारचा गृहस्थ सौजन्याने दुसरीकडे बघू लागला. भाचा हसून म्हणाला, “मावशी, तू पुण्यात शिकलेलं अमेरिकन इटालियन बोललीस!”

भाचा मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठात, शिकतो. दिवाळीआधी त्याला आठवडाभर सुट्टी होती, म्हणून मी गेले. चर्च आणि चित्रे पाहायची होती आणि ती पाहिलीही. परंतु पहिल्याच सकाळी मिळालेल्या त्या दुधामुळे माझे लक्ष भलत्याच गोष्टीकडे वळले. इटालियन माणसाला अमेरिका कशी दिसते, हे मी पुढचे आठही दिवस न्याहाळत राहिले.

भाचा ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या सिन्योरा पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो: ‘अमेरिकानाता’. भाच्याने त्याचा अर्थ सांगितला तो असा, की जे गरजेपेक्षा मोठे, दिखाऊ, थोडे बालिश आणि तरीही बघावेसे वाटणारे असते ते अमेरिकानाता. शेजारच्या मुलीच्या लग्नातला पाच मजली केक अमेरिकानाता होता, आणि नोव्हेंबरच्या सवलतींच्या ज्या पाट्या दुकानांत ऑक्टोबरातच झळकू लागल्या होत्या त्याही. शब्दात नापसंती आहे, पण द्वेष नाही. आपल्याकडे एखाद्या वारेमाप खर्च करणाऱ्या नातेवाइकाबद्दल बोलताना जो सूर लागतो, साधारण तसाच. त्याच भाषेत ‘अमेरिकेतला काका’ असाही वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ अचानक पैसा ठेवून जाणारा दूरचा नातलग. लाखो इटालियन ज्या देशात पोट भरायला गेले, त्या देशाकडे पाहण्याचे हे दोन्ही शब्द एकाच घरात सुखाने नांदतात.

दुसऱ्या दिवशी सिन्योरांबरोबर भाजी आणायला गेले. त्या ज्या दुकानात जातात त्याचे नाव ‘एसेलुंगा’, म्हणजे लांब एस. सारे मिलान या दुकानाला आपले मानते, तिथल्या मांसाच्या आणि पावाच्या दर्जाची शपथ घेते. भाच्याने तिथेच, टोमॅटोंच्या मांडणीसमोर उभा राहून मला त्याची कुळकथा सांगितली. १९५७ साली ही कंपनी स्थापन झाली ती ‘सुपरमार्केट्स इतालियानी’ या नावाने, आणि तिच्यातला मोठा वाटा अमेरिकी धनकुबेर नेल्सन रॉकफेलर यांच्या इंटरनॅशनल बेसिक इकॉनॉमी कॉर्पोरेशनचा होता. सोबत मिलानमधले काप्रोत्ती बंधू आणि इतर काही धनिक. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हियाले रेजिना जोव्हान्ना या रस्त्यावर पहिले दुकान उघडले. स्विस चित्रकार मॅक्स ह्यूबर यांनी ‘सुपरमार्केट’ या शब्दातला पहिला एस इतका ताणला की तो बाकीच्या अक्षरांवर छतासारखा पसरला. लोकांना परका शब्द जड जात असावा, त्यांनी दुकानाला ‘लांब एसवाले’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कंपनीने तेच नाव घेतले. १९६०च्या दशकात काप्रोत्ती कुटुंबाने अमेरिकी वाटा विकत घेतला. म्हणजे सिन्योरा ज्याला अस्सल मिलानी म्हणतात ते दुकान रॉकफेलरांचे लावलेले झाड आहे.

मी भाच्याला म्हटले, विचार त्यांना, हे ठाऊक आहे का. सिन्योरांनी वांगे उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे उत्तर दिले. त्या लहान असताना त्यांची आई त्यांना हात धरून ते पहिले दुकान बघायला घेऊन गेली होती. त्या काळी वाण्याकडे जाऊन मागायचे, त्याच्याशी बोलायचे, तो देईल ते घ्यायचे. इथे मात्र आपल्या हाताने उचलायचे आणि कोणाशी एक शब्द न बोलता बाहेर पडायचे. “आईला वाटलं, आपण चोरी करतोय,” सिन्योरा म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आई पुन्हा गेली. किंमत आधीच लिहिलेली असल्यामुळे वाण्यासमोर मान खाली घालावी लागत नव्हती, हे तिला फार आवडले होते. अमेरिकेची एवढी बाजू तरी घेतलीच पाहिजे, असे सिन्योरांचे मत पडले. मला माझ्या आजीचे सदाशिव पेठेतले उधारीचे वहीखाते आठवले, आणि मी ते मत मनोमन मान्य करून टाकले.

पण कॉफीच्या बाबतीत सिन्योरा तडजोड करत नाहीत, आणि इथली गोष्ट खरोखर गमतीची आहे. हॉवर्ड शुल्झ १९८३ साली मिलानला आले तेव्हा ते सिएटलमधल्या, कॉफीचे भाजलेले दाणे विकणाऱ्या स्टारबक्स या छोट्या कंपनीत नोकरीला होते. इथले बार बघून ते भारावले. परत जाऊन १९८६ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान काढले, त्याला मिलानच्या एका वृत्तपत्राचे ‘इल जोर्नाले’ हे नाव दिले, आत ऑपेराचे संगीत लावले आणि गिऱ्हाइकांनी इटालियनांसारखे उभे राहून कॉफी प्यावी अशी व्यवस्था केली. सिएटलच्या लोकांना संगीत नको होते आणि बसायला जागा हवी होती. खुर्च्या आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्टारबक्सच विकत घेतली, आणि त्या खुर्च्यांवरून जगभर कॉफी विकली गेली. आज पुण्यातली मुले लॅपटॉप उघडून जिथे तीन-तीन तास बसतात त्या बैठकीचे मूळ एका उभ्या कट्ट्यात आहे, हे मला मिलानला येईपर्यंत माहीत नव्हते.

मूळ गावी परतायला त्यांना पस्तीस वर्षे लागली. २०१७ साली मिलानच्या प्रसिद्ध कॅथेड्रलसमोरच्या चौकात स्टारबक्सच्या प्रायोजकत्वाने ताडाची आणि केळीची झाडे लावली गेली, तेव्हा शहरात मोठा वाद झाला आणि कोणीतरी त्यांतली काही झाडे पेटवूनही दिली. २०१८च्या सप्टेंबरात कोर्दूसिओ चौकातल्या जुन्या टपाल कार्यालयाच्या इमारतीत दुकान उघडले. बाहेर एस्प्रेसो एक युरोच्या आसपास मिळत असताना इथे ती एक युरो ऐंशी सेंटला होती, आणि त्यावरून एका ग्राहक संघटनेने स्पर्धा नियामकाकडे तक्रारही नोंदवली.

भाचा आणि मी तिथे गेलो. तांब्याचे प्रचंड पिंप, संगमरवराचे वळणदार कट्टे, जुन्या रेल्वे स्थानकांवर असे तसा पट्ट्या खडखडत उलटणारा फलक, ताज्या पावाचा वास. सगळे देखणे होते आणि सगळे भरलेले होते. पर्यटक होते, पण इटालियन मुलेमुलीही भरपूर होती, आणि ती छायाचित्रे काढण्यात गुंग होती. ऑलिव्ह तेल घातलेली कॉफी या कंपनीने २०२३च्या फेब्रुवारीत जगात सर्वप्रथम इथेच, मिलानमध्ये आणली, हे मी घरी आल्यावर सिन्योरांना सांगितले तेव्हा त्यांनी भाच्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाल्या, “ते दुकान नाही, संग्रहालय आहे. संग्रहालयाला तिकीट असतंच.”

अमेरिकेने इटलीचीच वस्तू इटलीला परत विकण्याचा प्रयत्न दर वेळी साधतोच असे नाही. डॉमिनोजने २०१५ मध्ये मिलानपासून सुरुवात केली आणि आठशे ऐंशी दुकानांचे स्वप्न पाहिले. २०२२ मध्ये जेमतेम एकोणतीसवर ते संपले. साथीच्या काळात गल्लीतला प्रत्येक पिझ्झावाला घरपोच सेवा देऊ लागला, त्यामुळे वेगाने दारात पोचवण्याची त्यांची खासियत खासियत उरली नाही. याहून अधिक त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पाचव्या दिवशी आम्ही तोरिनोहून ब्रा या छोट्या गावी गेलो. फास्ट फूडला विरोध करणाऱ्या ‘स्लो फूड’ चळवळीचे मुख्यालय तिथे आहे आणि चळवळीचे प्रणेते कार्लो पेत्रिनी तिथलेच. चळवळीचे चिन्ह गोगलगाय; गावात ती पाट्यांवर आणि दुकानांच्या काचांवर दिसत राहते. चळवळीची सुरुवात कशी झाली हे सर्वत्र एका वाक्यात सांगितले जाते: रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ १९८६ साली मॅकडोनाल्ड्स उघडले, तेव्हा निदर्शकांनी लोकांना पेन्ने पास्ता वाटून निषेध केला. इटलीतले ते पहिलेही नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी उत्तरेतल्या बोल्झानोत एक उघडले होते आणि त्याचे कोणाला विशेष वाटले नव्हते. रोमच्या चौकाचा अपमान झाला, हे खरे दुखणे होते. १९८९ मध्ये पॅरिसला पंधरा देशांच्या प्रतिनिधींनी चळवळीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्यात रोख बर्गरपेक्षाही धावपळीच्या जगण्यावर होता.

हे सगळे वाचून, ऐकून आम्ही ब्राच्या एका बारमध्ये शिरलो. दुपारचे अडीच वाजले होते. तेवढ्यात चार माणसे आली, कट्ट्याशी उभी राहिली, कॉफी प्याली, नाणी ठेवली आणि गेली. मी घड्याळ लावून पाहिले: एकालाही दोन मिनिटे लागली नाहीत. गोगलगायीच्या गावात कॉफी इतकी चपळ आणि चपळाईसाठी बदनाम असलेल्या देशात ती इतकी ऐसपैस. भाच्याकरवी मी बारवाल्याला हे विचारले. तो म्हणाला, जेवायला आम्ही दोन तास घेतो, कॉफीला कशाला घ्यायचे? कॉफीबरोबर बसायला लागते ते ज्यांना जेवायला बसता येत नाही त्यांना.

शेवटचे दोन दिवस रोममध्ये होतो. तिथल्या त्रास्तेव्हेरे या भागातल्या खाणावळीत आमच्या टेबलाच्या वर, भिंतीवर, इटालियन विनोदी नट आल्बेर्तो सोर्दी यांचे ते सुप्रसिद्ध छायाचित्र टांगलेले होते: १९५४च्या विनोदी चित्रपटातला अमेरिकावेडा रोमन तरुण, जो दूध, मोहरीची चटणी आणि जॅम हे ‘अमेरिकन’ जेवण तोंडात घेऊन थुंकतो आणि आईने ठेवलेल्या मॅकरोनीच्या थाळीवर तुटून पडतो. रोममधल्या कितीतरी खाणावळींत ते आहे. अमेरिकेला हसताना इटालियन माणूस आधी अमेरिकेच्या नादी लागलेल्या स्वतःला हसून घेतो, हे मला फार आवडले. आमचे तसे झाले नाही. १९९६ साली वांद्र्याला लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्स उघडले तेव्हा मी मुंबईत नोकरीला होते, आणि निषेधाचा वडापाव वाटायचे राहिले बाजूला, मैत्रिणींबरोबर रांगेत तासभर आनंदाने उभी होते.

म्हणून निघायच्या सकाळी स्पॅनिश पायऱ्यांजवळच्या त्या मॅकडोनाल्ड्समध्ये मुद्दाम गेले. ज्याच्या वासाबद्दल शेजारच्या वालेंतिनो यांच्या फॅशनगृहाने त्या काळी तक्रार केली होती, ते आता चाळीसेक वर्षांचे, चौकाच्या अंगवळणी पडलेले दुकान झाले आहे. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कॉफीच्या वेगळ्या कट्ट्यापाशी टाय लावलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी पावती ठेवली, चिनी मातीच्या कपातली एस्प्रेसो घेतली, साखर घालून तीनदा ढवळली, दोन घोटांत संपवली. मी शेजारी उभी होते. या वेळी मी ‘कफे’ एवढाच शब्द उच्चारला, आणि कॉफी आली.